वेल, तनावा आणि मांडव : सोलापुरातील सज्ज्यांच्या संदर्भात एक विचार

मृग नक्षत्र लागले, की सोलापुरातील अनेक घरांच्या सज्ज्यांत कुंड्या मांडल्या जातात. त्यांत दोडका, कारले, वाल, गोकर्ण यांचे बी टोचले जाते आणि कठड्याला एखादी दोरी बांधून वेल चढविण्याची व्यवस्था केली जाते. श्रावणापर्यंत काही वेली कठडा ओलांडून वर जातात, तर काही कुंडीभोवतीच गुंता करून बसतात. पुढे वैशाखात, ज्या सावलीसाठी हा सारा खटाटोप मांडला ती सावली खरोखर हवी असते तेव्हा, दोरीला वाळलेली काटकी तेवढी उरलेली दिसते. या अपयशाचे खापर बहुधा उन्हावर किंवा पाण्याच्या टंचाईवर फोडले जाते. ते सर्वस्वी अयोग्य आहे असे नाही. परंतु त्याचे एक कारण भाषेतही शोधता येते. मराठीत 'वेल' हे नाम एक, आणि त्या नामाच्या पोटात चढण्याच्या रीती मात्र निदान चार आहेत. नामावर विसंबणारा मनुष्य सर्व वेलींना एकच दोरी देतो. वेलींविषयी बोलताना मराठी जी निरनिराळी क्रियापदे योजते त्यांच्याकडे ज्याचे लक्ष आहे, तो तसे करणार नाही.

माळवदाच्या घरांत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. तेथे वेलीचे मूळ परसातील काळ्या जमिनीत असे, न्हाणीचे सांडपाणी तिला आयते मिळे, आणि शेंडा कुडावरून, झाडावरून अथवा भिंतीच्या खडबडीतपणाचा आश्रय घेत माळवदावर जाऊन पसरे. ज्या वेलीला जो आधार मानवेल तो ती आपण शोधून घेई. सज्ज्यात असा शोध घेण्यास वाव नाही. तेथे मूळ टबात कोंडलेले, आधार गुळगुळीत नळीचा, आणि माती, पाणी व ऊन या तिन्ही गोष्टी माणसाने मोजून दिलेल्या. म्हणून तेथे वेलीचा स्वभाव आधी जाणणे अगत्याचे ठरते.

प्रथम शब्दाचा विचार करू. संस्कृत 'वल्ली'चे प्राकृतात 'वेल्लि' असे रूप होते, हे वररुची व हेमचंद्र या दोघांही वैयाकरणांनी नोंदले आहे. शय्येची 'सेज्जा' आणि आश्चर्याचे 'अच्छेर' ज्या स्वरपरिवर्तनाने झाले, त्याच परिवर्तनाचे हे उदाहरण होय. 'वेल्लि'पासून मराठी 'वेल' सरळ सिद्ध होतो. मूळ 'वल्ली'चा संबंध 'वळणे' या अर्थाच्या 'वल्' धातूशी लावावा, की तमिळ 'वळ्ळी' व कन्नड 'बळ्ळी' या शब्दांशी, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. सोलापूरच्या अभ्यासकाला हा वाद केवळ ग्रंथांतील वाटू नये. या नगरात एकाच चाळीत मराठी 'वेल', कन्नड 'बळ्ळी', पूर्व भागातील पद्मशाली विणकरांच्या तेलुगूतील 'तीगा' आणि दखनी उर्दूतील 'बेल' हे चारही शब्द कानी पडू शकतात. आरंभीच्या 'व'चा कन्नडात 'ब' होतो, हिंदी-उर्दूतही होतो. मराठीने मात्र 'व' राखला. परिणामी उर्दूभाषी शेजारीण 'बेल' म्हणते तेव्हा तिला लता अभिप्रेत असते, आणि मराठी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शंकराला वाहावयाचे त्रिदळ उभे राहते. सिद्धेश्वराच्या या नगरीत तसे होणे स्वाभाविकही आहे. तेलुगू 'तीगा' आणखी उद्बोधक आहे. त्या एकाच शब्दाने वेलही दाखविली जाते आणि धातूची तारही. लांब, बारीक, ताणता येणारी व गुंडाळता येणारी वस्तू, हा त्या शब्दाचा गाभा दिसतो.

'वेल' शब्दाचे मराठीतील लिंगही स्थिर नाही. 'दोडक्याचा वेल', 'काकडीचा वेल', पण 'जाईची वेल' असा कल बोलण्यात आढळतो. फळ देणारा तो पुरुष आणि फूल देणारी ती स्त्री, असा नियम यावरून बसविण्याचा मोह होईल. परंतु त्याला अपवाद इतके आहेत की तो मोह आवरलेला बरा.

आता वर्गीकरणाकडे वळू. अमरकोशाने वल्ली, व्रतती व लता हे शब्द एका ओळीत पर्याय म्हणून दिले, आणि पुढील काळात बहुतेकांनी तीच वाट धरली. परंतु मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात वनस्पतींचे प्रकार सांगताना 'प्रतान' आणि 'वल्ली' हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. कुल्लूकभट्टाने आपल्या टीकेत त्यांतील भेद स्पष्ट केला आहे. ज्यांना तंतू असतात ते प्रतान, उदाहरणार्थ काकडी व भोपळा. ज्या भूमीपासून निघून वृक्षावर आरोहण करतात त्या वल्ली, उदाहरणार्थ गुडूची म्हणजे गुळवेल. तंतूने धरणारी वनस्पती आणि सर्वांगाने वेढणारी वनस्पती असा हा भेद आहे आणि तो निरीक्षणावर आधारलेला आहे. चार्ल्स डार्विनने १८६५ मध्ये आरोही वनस्पतींच्या हालचालींवर जो दीर्घ निबंध प्रसिद्ध केला, त्यातील दोन मुख्य वर्ग हेच आहेत. आकड्यांनी व मुळ्यांनी चढणाऱ्यांचे वर्ग त्याने यांखेरीज मानले. कुल्लूकाने डार्विनला मागे टाकले असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. कुल्लूकाने भेद नोंदला. डार्विनने तो भेद घडतो कसा हे दाखविले.

मराठी क्रियापदे हेच चार वर्ग सहजपणे वेगळे करतात. गोकर्ण 'वेढे घालते', कारले 'धरते', नागवेल 'चिकटते', बोगनवेल 'रेलते'.

वेढे घालणाऱ्या वेलींचा शेंडा स्थिर नसतो. आधार सापडेपर्यंत तो हवेत मंद गतीने फेर धरीत असतो, आणि मार्गात काठी आली की फेऱ्याचाच वेढा होतो. आजारपणामुळे खोलीत अडकून पडलेल्या डार्विनने हॉप नावाच्या वेलीची कुंडी जवळ ठेवून हे फेरे रात्रंदिवस पाहिले होते. उष्ण हवेत एका फेऱ्याला सुमारे २ तास लागत. सोलापुरात गोकर्ण, वाल, मायाळू व गुळवेल ही या वर्गाची परिचित उदाहरणे होत. यांपैकी बहुसंख्य वेली वर चढताना खांबाला डाव्या हाताला ठेवून फिरतात, म्हणजे देवळात आपण घालतो त्या प्रदक्षिणेच्या उलट. वेढ्याला 'उजवा' म्हणावे की 'डावा', याबाबत पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रज्ञांतही दीर्घकाळ एकवाक्यता नव्हती, कारण पाहणारा वेलीच्या बाहेर उभा आहे की आत, यावर उत्तर पालटते. 'प्रदक्षिण' व 'अप्रदक्षिण' या शब्दांत ही संदिग्धता उरत नाही. खांब कोणत्या हाताला, एवढेच ते सांगतात. डार्विनची हॉप मात्र प्रदक्षिणा घालणाऱ्या अल्पसंख्याकांतील होती. व्यवहारात याचा अर्थ इतकाच, की कोवळा शेंडा दोरीला गुंडाळून द्यावयाचा असेल तर आधी तो कोणत्या दिशेने वळत आहे हे पाहावे. उलट दिशेने गुंडाळलेला शेंडा पुढील वाढीत स्वतःला सोडवून घेतो, आणि गुंडाळणारा वेलीला हट्टी म्हणतो.

या वर्गाला उभा आणि बारीक आधार लागतो. सुतळी, काथ्या, अंगठ्याएवढी बांबूची काठी हे उत्तम. कठड्याची जाड, गुळगुळीत लोखंडी नळी निरुपयोगी, कारण फेरा जेवढा असतो त्याच्या मानाने तिचा घेर मोठा पडतो आणि वेढ्याला घर्षणही मिळत नाही. आडव्या तारेवरही या वेली भांबावतात. उघडी धातूची तार सोलापूरच्या उन्हात दुपारी अशी तापते की कोवळा शेंडा पोळतो. तार लावायचीच तर तिच्यावर सुतळी गुंडाळावी.

तंतूने धरणाऱ्या वेलींची गोष्ट निराळी. कारले, काकडी, दोडका, घोसाळे, दुधी, तोंडली, कृष्णकमळ आणि द्राक्ष यांचे खोड वेढा घालीत नाही. खोडापासून निघालेला बारीक तंतू ते काम करतो. या तंतूला संस्कृतात 'प्रतान', आणि मराठीत 'तनावा' अथवा 'ताणा' म्हणतात. सोलापूरच्या वाचकाला दुसरा शब्द लगेच ओळखीचा वाटेल. मागावरील उभे सूत ते ताणा आणि आडवे ते बाणा. तंतू, तंत्र, प्रतान, वितान, ताणा ही सर्व 'तन्', म्हणजे ताणणे, पसरणे, या एकाच धातूची संतती होय. राहुटीच्या दोरीलाही मराठीत 'तनावा' म्हणतात. त्या शब्दाचे मूळ मात्र अरबी 'तनाब' या शब्दात शोधले जाते. ध्वनी जुळला, अर्थ जुळला, आणि दोन भिन्न कुळांतील शब्द मराठीत शेजारी शेजारी नांदू लागले. ज्या नगराची चादर देशभर गेली, तेथे वेलीच्या अवयवाला मागावरचे नाव असावे, ही गोष्ट मौजेची खरी. परंतु हा शब्द काही सोलापुरापुरता नाही.

तनाव्याची कार्यपद्धती जवळून पाहण्यासारखी आहे. त्याचे टोक आधाराला स्पर्श होताच वळते व आधाराला पकडते. यानंतर टोक आणि खोड यांमधील भाग स्वतःभोवती पीळ घेऊन कमानीसारखा आखडतो, आणि वेल आधाराकडे ओढली जाते. दोन्ही टोके बांधलेली असल्यामुळे पीळ एकाच दिशेने घेता येत नाही. म्हणून मध्यावर कोठे तरी त्याची दिशा उलटते, अर्धा पीळ एका बाजूचा व अर्धा दुसऱ्या बाजूचा होतो. कारल्याच्या कोणत्याही पोक्त तनाव्यात हा उलटा सांधा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. या कमानीमुळे वळवाच्या वादळी वाऱ्यात वेल हेलकावते, पण तुटत नाही. ज्याने वेल सुतळीच्या घट्ट गाठीने कठड्याला बांधून टाकली, त्याने तिची ही सोय काढून घेतली.

'वेलाला काकडी जड होत नाही' ही म्हण आईच्या ममतेसाठी वापरली जाते. तिच्यातील वनस्पतिशास्त्र अचूक आहे, पण त्याला एक अट आहे. वेल खोड जाड करण्यात द्रव्य खर्च करीत नाही, भार दुसऱ्यावर टाकते, आणि वाचलेले द्रव्य लांबी, पाने व फळे यांत घालते. काकडी वेलाला जड होत नाही, कारण ती मांडवाला जड होत असते. सज्ज्यातील जाळी कच्ची असेल तर म्हण खोटी ठरते. या वर्गासाठी वीतभर घरांची दोरीची जाळी पुरते. ती आडवी असली तरी चालते, कारण तनाव्याला उभ्याआडव्याचा विधिनिषेध फारसा नाही. दुधीसारख्या मोठ्या फळाला कापडाची झोळी द्यावी. दुधीचे पांढरे फूल सायंकाळी उमलते व निशाचर पतंगांची वाट पाहते. उंच मजल्यावर ते पतंग न आल्यास नरफुलातील पराग मादीफुलावर हाताने लावावा लागतो. मादीफुलाच्या तळाशी इवलासा दुधी आधीच दिसत असल्याने ओळखण्यात चूक होत नाही.

कृष्णकमळाविषयी येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. त्यातील तंतूंचे वलय म्हणजे शंभर कौरव, पाच पुंकेसर म्हणजे पांडव आणि वरची तीन टोके म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश, असे घरोघरी सांगितले जाते. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. तेथे गेलेल्या स्पॅनिश धर्मोपदेशकांनी त्याच वलयात येशूचा काटेरी मुकुट, पाचांत जखमा आणि तिनांत खिळे पाहिले होते. तिच्या शास्त्रीय नावात तीच कथा गोठली आहे. संख्या त्याच राहिल्या, कथा मात्र देशांतराबरोबर बदलली. 'कृष्णकमळ' हे नाव कितीही पुरातन वाटले तरी ते वेलीच्या आगमनापूर्वीचे असू शकत नाही, हे शब्दांचा काळ ठरविणाऱ्याने ध्यानी ठेवावे.

मुळ्यांनी चिकटणाऱ्या वेलींविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. नागवेल म्हणजे विड्याच्या पानांची वेल, आणि मनी प्लांट, या पेरांपासून मुळ्या सोडून आधाराला धरतात. पानमळ्यात नागवेल शेवरी, शेवगा, पांगारा अशा झाडांवर चढवितात, कारण तिला ओलसर, खडबडीत खोड आणि गार सावली हवी असते. सोलापूरच्या पश्चिमाभिमुख सज्ज्यात यांपैकी काहीच नाही. उत्तरेकडील सज्ज्यात, काथ्या गुंडाळून नेहमी ओल्या ठेवलेल्या खांबावर ती तग धरते.

रेलणाऱ्या वेलींत बोगनवेल प्रमुख होय. तिचे नाव लोकव्युत्पत्तीचा सुंदर नमुना आहे. फ्रेंच नाविक बूगँविल याच्या पृथ्वीप्रदक्षिणेत, १७६० नंतरच्या दशकात, कॉमर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाला ही वनस्पती ब्राझीलमध्ये मिळाली, आणि तिला नौकाधिपतीचे नाव मिळाले. त्या आडनावातील 'विल' म्हणजे फ्रेंच भाषेत नगर. मराठीने ते ऐकले, समोर पसरलेली वनस्पती पाहिली आणि 'विल'ची 'वेल' केली. लोकव्युत्पत्तीला भाषाशास्त्रात चूक म्हणण्याची प्रथा आहे. येथे ती चूक केवळ अर्धीच म्हणावी लागेल. कारण ही वनस्पती वेढेही घालीत नाही आणि तिला तनावेही नाहीत. लांब फांद्या इतरांवर टाकून काट्यांनी ती अडकून राहते. म्हणून तिला दोरी देऊन उपयोग नाही. फांद्या हाताने कठड्यावर टाकून सैल बांधाव्या लागतात. जाई व जुई यांनाही अशाच हातभाराची गरज भासते. बोगनवेलीचे रंगीत 'फूल' म्हणजे वस्तुतः पानांचीच रूपे. खरे फूल मध्ये असलेली लहान पांढुरकी नळी. भरपूर ऊन आणि बेताचे पाणी मिळाले की ती अधिक बहरते, आणि सोलापुरात या दोहोंपैकी एकाचीही अडचण पडत नाही.

आधाराच्या शब्दांतही असाच विचार संभवतो. संस्कृत 'मंडप'पासून आलेला 'मांडव' मराठीत वेलीचाही असतो आणि लग्नाचाही. तेलुगू 'पंदिरी' आणि कन्नड 'चप्पर' या शब्दांनाही हेच दोन अर्थ आहेत. शब्द तीन, त्यांची रूपे परस्परांपासून भिन्न, आणि अर्थांची जोडी एकच. शेजारी नांदणाऱ्या भाषा शब्द न उचलता कल्पना उचलतात, याचे याहून घरगुती उदाहरण मिळणे कठीण. वेल मांडवाला जाणे हा कुटुंबाच्या भरभराटीचा वाक्प्रचार आणि 'वंशवेल' हा शब्द हेही या जोडीच्या आश्रयाने उभे आहेत. सज्ज्यात मात्र आडवा मांडव घालण्यास जागा नसते, आणि त्याची जागा उभ्या जाळीने घेतली आहे. 'जाळीला वेल लागला' असे लोक आता म्हणतात, पण तो वाक्प्रचार झालेला नाही.

राहिला मातीचा व पाण्याचा भाग. सोलापूरची काळी माती शेतात कितीही कसदार असली, तरी टबात ती एकटी भरू नये. पाण्याने ती फुगते, वाळताना आक्रसून टबाच्या कडेपासून सुटते, आणि मग घातलेले पाणी मुळांना न भिजविता कडेच्या भेगेतून तळाला निघून जाते. पोयटा, कुजलेले शेणखत व नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळल्याने हा दोष कमी होतो व वजनही घटते. वजनाचा हिशेब करणे आवश्यक आहे. ४० सेंटिमीटर व्यासाच्या व तितक्याच खोलीच्या टबात सुमारे ५० लिटर माती मावते. भिजल्यावर तिचे वजन ७५ ते ९० किलोग्रॅमपर्यंत जाते. असे टब सज्ज्याच्या बाहेरच्या कडेला न ठेवता भिंतीलगत ठेवावेत आणि दोरी तेथून तिरपी कठड्याकडे न्यावी. कूपनलिकेचे पाणी येथे बहुधा जड व चुनखडीचे असते. त्यामुळे मातीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाही, आणि शिरा हिरव्या राहून कोवळी पाने पिवळी पडतात. जेथे नळाला पाणी रोज येत नाही, तेथे मातीवर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन हाच मोठा आधार. पाणी सकाळी लवकर द्यावे.

शेवटी काळाचा प्रश्न, आणि सोलापुरात तोच सर्वांत निकडीचा. येथील वार्षिक पाऊस सरासरीने ७०० ते ७५० मिलिमीटर, त्यातही सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात. आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर राहणे नित्याचे. मृगावर पेरलेली वर्षायू वेल भाद्रपदात दाट होते, म्हणजे ढगाळ हवेत छाया देते, आणि थंडीत संपते. सज्ज्याच्या पश्चिम बाजूला उन्हाळ्यात पडदा हवा असेल तर दोडका-कारल्याचे बी जानेवारीच्या अखेरीस टोचावे, अथवा बहुवर्षायू वेली धराव्यात.

बहुवर्षायू म्हटल्यावर सोलापूरकराच्या मनात द्राक्ष प्रथम येते, आणि ते साहजिक आहे. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉम्पसन सीडलेसमधून निवडलेली 'सोनाका' ही जात याच जिल्ह्यातील. द्राक्षाचा तनावा अभ्यासकाला विशेष बोधप्रद आहे, कारण तनावा आणि घड यांचा उगम एकाच अंकुरातून होतो. परिस्थितीप्रमाणे तो अंकुर पकडणारा हात बनतो किंवा फळ धरतो. परंतु सावलीसाठी ही वेल गैरसोयीची ठरते. येथे द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये करतात. ज्या आठवड्यांत पश्चिमेची भिंत सर्वाधिक तापते, नेमक्या त्याच आठवड्यांत वेल उघडी असते, आणि नवी पाने भरून येईतो मे निम्मा सरतो. छाटणी टाळली तर पाने राहतात, घड मात्र मिळत नाहीत.

एप्रिलमध्ये पानांनी भरलेल्या राहू शकतील अशा वेली मोजक्याच. मधुमालती वेगाने वाढते व दाट होते, पण तिचे खोड लाकडी व जड असल्याने तिला मोठा टब आणि पक्की चौकट लागते. मायाळूला पाणी अधिक लागते. मोबदल्यात ती भाजीला पाने देते. गोकर्ण शेंगवर्गीय असल्याने मुळांवरील गाठींतून स्वतःचे नत्र मिळविते आणि एकदा रुजली की थोडक्या पाण्यावर उन्हाळा काढते. तिची एकएक सुतळी वीतभर अंतरावर उभी बांधावी, आणि शेंगा वाळण्यापूर्वी खुडाव्यात, म्हणजे फुले येत राहतात. गुळवेलीला तर संस्कृतात 'छिन्नरुहा' म्हणजे तोडली तरी वाढणारी असेच नाव आहे. तिचा वीतभर तुकडा फेब्रुवारीत टबात खोचला, की पहिल्या वर्षी ती मुळे धरते; पडदा दुसऱ्या उन्हाळ्यापासून धरावा.